मांगं सवाऱ्या आहेत

आमच्या अंगणात कडुनिंबाखाली एक जागा आहे, तिथे गवत उगवत नाही. पावसाळ्यात सगळं अंगण हिरवं होतं, न्हाणीच्या दगडांमधूनसुद्धा तरोटा डोकं वर काढतो, पण ती चौकोनी जागा काळी ती काळीच. तिथे बाबांची काळी-पिवळी जीप उभी राहायची आणि तिच्या पोटातून थेंब थेंब ऑइल गळायचं. गाडी जाऊन आता काही वर्षं झाली. आईने त्या जागेवर झेंडूची रोपं लावून पाहिली, शेणखत टाकून पाहिलं. काही धरलं नाही. शेवटी तिने नाद सोडला आणि तिथे सरपण रचायला लागली. मला ते सरपण तिथे बघवत नाही. तसं मी आईला बोलले, तर म्हणाली, "मंग का तिथं तुहा पुतळा उभा करू?"

मी भंडाऱ्याला नोकरी करते. सुट्टीत घरी आले की आई मला बसू देत नाही, काहीतरी आवरायला लावते. या खेपेला भिंतीतलं कपाट होतं. बाहेर धानाची कापणी चाललेली, सगळं गाव शेतातल्या बांध्यांत, आणि मी कपाटात डोकं घालून शिंकत बसलेली. जुन्या स्वेटरांच्या गठ्ठ्यात माझा कॉलेजातला लॅपटॉप सापडला. घेतला तेव्हाच तो कोणाचा तरी वापरलेला होता. आईने त्यात कडुनिंबाचा पाला ठेवला होता, कपड्यांत ठेवते तसा, कसर लागू नये म्हणून.

झाकण उघडलं. सगळी अक्षरं जागच्या जागी होती. एकच बटण झिजून गुळगुळीत झालं होतं, खाली जाणारा बाण. ते ब्रेकचं बटण. ज्या खेळात ब्रेक लावायचाच नसतो, त्या खेळात माझ्या बाबांनी ब्रेकचं बटण झिजवलं. मी त्यावर बोट ठेवलं आणि कपाट आवरायचं राहिलं ते राहिलंच.

आमचं गाव तुमसरहून बपेऱ्याला जाणाऱ्या रस्त्यावर, सिहोऱ्याच्या अलीकडे. बाबांची गाडी त्याच रस्त्यावर सवाऱ्या घेऊन चालायची. इकडे तुमसरचा बाजार, तिकडे बपेरा, आणि पूल ओलांडला की मध्य प्रदेश. त्या गाडीचा वास मला अजून हवा तेव्हा आठवता येतो. डिझेल, ओली पोती, तेंदूपत्त्याचे गठ्ठे, कोणाची तरी बकरी, दाताला लावायचा गुडाखू, नव्या नवरीच्या अंगाची हळद, आणि सुमनबाईंच्या टोपलीतली कोथिंबीर. सुमनबाई आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात. रोज सकाळी पहिल्या फेरीला त्या भाजी घेऊन तुमसरला जायच्या. ड्रायव्हरच्या मागची खिडकीजवळची जागा त्यांची. तिथे चुकून दुसरं कोणी बसलं तर त्या काही बोलायच्या नाहीत, टोपली मांडीवर ठेवून द्यायच्या. त्याच्या मांडीवर.

सकाळी निघण्याआधी बाबांचा एक नेम असे. आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन आधी उजवा आरसा पुसायचा, मग डावा. समोरची छोटी निळी झेंडी सरळ करायची. सीटवर बसून एकदा हॉर्न वाजवायचा. त्या हॉर्नवर गल्लीतल्या बायका भाताचं पाणी ठेवायच्या. आणि मग दिवसभर, प्रत्येक वळणाच्या आधी, मान न वळवता मागच्यांना एकच हाक, "धरून बसा जी!" रिकामी सीट असली तरी हाक चुकायची नाही. तोंडाला सवयच लागली होती.

बाबांना गर्व म्हणावा असा एकाच गोष्टीचा होता. लोक आपल्या गाडीचा वेग सांगतात, बाबा सांगायचे, "माह्या गाडीत झोपलेलं लेकरू उठत नाही." हे खरं होतं. मी स्वतः ते लेकरू होते. वाटेतल्या तलावाच्या वळणावर गाडी कधी वळली ते मला कधी कळलं नाही. डोळे उघडायचे ते थेट तुमसरच्या स्टँडवर, भजी तळल्याच्या वासाने.

मग तो कोरोनाचा उन्हाळा आला. रस्ते बंद झाले आणि गाडी कडुनिंबाखाली उभी राहिली. वर निंबाचा बारीक पांढरा फुलोरा पडायचा, टपावर साचायचा. बाबा रोज सकाळी उठून आरसे पुसायचे, उजवा, मग डावा, आणि खाली उतरून बाजेवर बसायचे. जंगलाकडून मोहाचा गोड, जड वास यायचा. इतकी शांतता की रस्त्यावरून एखादी सायकल गेली तरी बाबा उठून फाटकाशी जायचे.

त्यांचं ते फाटकाशी जाणं माझ्या धाकट्या भावाला, प्रज्वलला, पाहवेना. एका दुपारी त्याने लॅपटॉप स्टुलावर मांडला, मोबाइलचं नेट जोडलं आणि बाबांना हाक मारली. तो खेळ ब्राउझरमध्येच उघडायचा, काही उतरवून घ्यावं लागत नव्हतं. एक लाल गाडी, एक नागमोडी रस्ता, एका बाजूला समुद्र. बाणांनी गाडी वळवायची आणि लांब बटण दाबलं की हँडब्रेक. खेळ एवढाच की वळणावर गाडी आडवी घसरवायची. जितका वेळ ती घसरत राहील तितका वेळ गुण चढत जातात, टायरमधून धूर निघतो. सरळ चालवलीत तर शून्य. भिंतीला लागलात तर हातचेही जातात.

प्रज्वलने दोन-तीन वळणं अशी झोकात घसरवून दाखवली. बाबांनी पाहिलं आणि विचारलं, "हा ड्रायव्हर पिऊन आहे का?"

"बाबा, याच्यात असंच चालवाचं असते."

"काहून? रस्ता त चांगला आहे."

तरी ते बसले. पाठ ताठ, दोन्ही हात बटणांवर, नजर समोर. आधी म्हणाले, याच्यात हॉर्न कोठी आहे? हॉर्न नाही म्हटल्यावर त्यांना ते फारच बेकायदेशीर वाटलं. मग गाडी निघाली. अशी हळू की धूर सोडा, धूळही उडेना. पहिलं वळण आलं. बाबांनी ब्रेक दाबला, तोंडाने "धरून बसा जी" म्हणाले आणि ती लाल, सपाट, बुडाला आग लागल्यासारखी पळायला बनवलेली गाडी त्यांनी वळणावरून अशी काढली, जशी तिच्यात बाळंतीण बसली आहे. गुण शून्य. दुसरं वळण, शून्य. प्रज्वल डोकं धरून खाली बसला.

"बाबा, घसरवा ना! एक डाव घसरवून त पाहा!"

"अरे, मांगं सवाऱ्या आहेत," बाबा म्हणाले.

ते गंमत करत होते की खरंच म्हणत होते हे मला त्या दिवशी कळलं नाही. पुढचे दिवस पाहिले तेव्हा कळलं की ते दोन्ही होतं.

ते दिवस किती सुखाचे होते हे सांगायला मला थोडी लाज वाटते, कारण जग तेव्हा रडत होतं. पण आमच्या ओसरीवर जेवणं झाली की खेळ मांडला जायचा. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास, मोहाचा वास, आईने वाटीत भरून ठेवलेली रानातली चारं, टेंभरं. सुमनबाई तोंडाला पदर लावून लांब ओट्यावर बसायच्या. त्यांची भाजी बंद, बाजार बंद. त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता, आमच्यापैकी कोणीच पाहिलेला नव्हता, म्हणून त्या खेळातल्या समुद्राला सगळे तलावच म्हणायचे. "हं, आता तलावाचं वळण आलं भाऊ," त्या सांगायच्या. "मले तिथंच उतरवून द्या. तुमच्या पोराले चालवू दिलं त मी पाण्यातच जातो."

"बसा बाई, मी चालवून राहिलो," बाबा म्हणायचे आणि ब्रेक दाबायचे.

प्रज्वल चिडायचा, मी हसायचे, आई आतून ओरडायची, "का जी, म्हाताऱ्या वयात पोरायले काय शिकवून राहिले?" आणि मग स्वतःच दाराशी येऊन उभी राहायची. बाबा खेळभर बोलायचे. एवढं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. कोणत्या वळणावर कोणाची म्हैस आडवी आली होती, बपेऱ्याच्या पुलावर धुकं कसं उतरतं, कोणती नवरी सासरी जाताना मागे रडत होती आणि त्यांनी मुद्दाम गाडी हळू चालवली होती. बटणांचा टकटक आवाज आणि त्यांची गोष्ट. मी रोज एकदा तरी म्हणायचे, बाबा, आज एकदा घसरवा, माझ्यासाठी. ते हसायचे आणि वळण संपून जायचं.

एका दुपारी तलावाच्या वळणावर गाडी डावीकडे घासली. इतक्या हळू चालणारी गाडी घासणं म्हणजे गंमतच होती. दुसऱ्या फेरीत पुन्हा तिथेच घासली. प्रज्वल म्हणाला, "बाबा, डावीकडची भिंत!"

"कोठी आहे भिंत?"

"हे काय, इथं." त्याने पडद्यावर बोट ठेवलं.

बाबांनी नुसती नजर वळवली नाही. सगळी मान वळवली. मग म्हणाले, "हे आता आली का?"

"पहिल्यापासून आहे नं, बाबा." प्रज्वल हसत होता. सुमनबाई हसत होत्या. मीही हसले असेन, हसण्याचीच वेळ होती ती. बाबांनी उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला. थोडा वेळ तसेच बसले. मग तळवा काढला, आईला म्हणाले, "चाय मांड," आणि फेरी पूर्ण केली. शून्य गुण.

त्यानंतर ते रोज खेळायला बसू लागले, आम्ही न बोलावता. कधी एक डोळा झाकून, कधी दुसरा. स्टूल थोडं उजवीकडे सरकवून, पुन्हा डावीकडे. आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याला नाद लागला. आम्ही चिडवलंही. ते त्या खेळात आपली नजर तपासत होते, कुठपर्यंत दिसतं आणि कुठून दिसत नाही हे पाहत होते, हे आम्हाला पुढे कळलं. आईला मात्र नंतर एकेक आठवत गेलं. बऱ्याच दिवसांपासून ते डावा आरसा पाहायला पूर्ण मान वळवत होते. ताटात डावीकडे वाढलेली चटणी तशीच राहायची.

पेरणीच्या तोंडावर रस्ते मोकळे झाले. लोक धानाचे पऱ्हे टाकायला लागले होते, हवेत ओल्या मातीचा आणि शेणखताचा वास होता. सकाळी बाबा उठले, लुगड्याचा तुकडा घेतला, उजवा आरसा पुसला, मग डावा. झेंडी सरळ केली. सीटवर बसून हॉर्न वाजवला. किती महिन्यांनी वाजला होता तो. गल्लीत कोणीतरी "आली बाप्पा गाडी!" म्हणून ओरडलं. सुमनबाई टोपली घेऊन जवळजवळ धावत आल्या, आपल्या जागेवर जाऊन बसल्या, पदराने खिडकी पुसली. आणखी दोघं-तिघं आले. बाबांनी गाडी सुरू केली. कडुनिंबाखाली निळसर धूर पसरला. मी आणि प्रज्वल ओसरीवर उभे होतो, आणि मला इतका आनंद झाला होता की मी उगाचच हात हलवत होते.

गाडी फाटकापर्यंत गेली आणि थांबली. बाबांनी मान पूर्ण वळवून डावीकडे पाहिलं. मग समोर पाहिलं. मग किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.

ते खाली उतरले, मागे गेले आणि खिडकीशी उभे राहिले. "सुमनबाई, उतरा जी. आजपासून दुसरी गाडी पाहा."

"काहून भाऊ? का झालं?"

"मले डावीकडचं दिसत नाही."

त्यांनी हे असं सांगितलं, जसं टायर पंक्चर आहे म्हणून सांगतात. गल्लीतल्या चार लोकांसमोर, भर सकाळी. सुमनबाई लगेच उतरल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमाले रस्ता पाठ आहे. डोरे मिटून नेसान तुमी."

"माह्या एकट्याचं असतं त नेली असती," बाबा म्हणाले. "मांगं सवाऱ्या आहेत."

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डाव्या डोळ्यात फार पुढे गेलेला, उजव्यात सुरू झालेला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची, असं म्हणाले. थेंबांची बाटली तेव्हापासून आमच्या माठाच्या गारव्याला उभी असते. आई न चुकता थेंब घालते. तरीही उजवीकडचंही हळूहळू बाजूने मिटत गेलं. बाबा एकदाच त्याबद्दल बोलले. म्हणाले, "बीचमधलं दिसते. बाजूचं जग गेलं."

गाडी पुलापलीकडच्या एका माणसाने नेली. नेताना त्याने फाटकाशीच असा करकचून ब्रेक लावला की बाबा बाजेवरून अर्धे उठले. आवाज सिहोऱ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत ते तसेच उभे होते. आता त्या रस्त्याने नव्या गाड्या जातात, वळणावर गाण्यांचा दणदणाट करत. सुमनबाई अजून बाजाराला जातात. त्यांना विचारलं तर म्हणतात, "जातो बाई, पन आंग ठेचते."

मला वाईट कशाचं वाटतं, हे मी कितीदा स्वतःला विचारलं आहे. नजर गेली याचं तर वाटतंच. आधी कळलं असतं तर, हेही मनात येतं आणि जात नाही. पण खरं सांगायचं तर मला वाईट त्या दुपारींचं वाटतं. त्या मोहाच्या वासाच्या, ओसरीवरच्या दुपारी. आम्हाला वाटत होतं बाबा सुट्टीवर आहेत. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या हातात अशी गाडी आली होती, जिच्यात कोणी बसलेलं नव्हतं, जी कुठेही आपटली तरी चाललं असतं. त्यांनी ती एकदासुद्धा घसरवली नाही. एकदा तरी घसरवायला हवी होती. धूर निघायला हवा होता, गुण भराभर चढायला हवे होते, सुमनबाईंनी किंचाळायला हवं होतं आणि बाबांनी लहान पोरासारखं हसायला हवं होतं. पुढे ज्याला काहीच चालवता येणार नव्हतं त्या माणसाचं तेवढं सुख राहून गेलं. त्याची भरपाई कशाने होते, मला माहीत नाही.

लॅपटॉप वायर लावल्याशिवाय चालत नाही. मी तो ओसरीवरच्या त्याच स्टुलावर ठेवला, वायर जोडली. बराच वेळ घरघर करून तो एकदाचा जागा झाला. खेळाचं पान अजून आहे. भोवती जाहिराती वाढल्या आहेत, रंग भडक झालेत, पण लाल गाडी तीच आणि रस्ता तोच. इंजिनचा आवाज सुरू झाला.

बाबा बाजेवर पडले होते. त्यांनी तोंड इकडे केलं. "कशाचा आवाज आहे?"

"तोच गेम, बाबा. आपला."

ते उठले. भिंतीला हात लावत लावत ओसरीवर आले. आता त्यांना समोरचंही धुरकट दिसतं, उजेड आणि सावली एवढंच. त्यांनी माझ्या खुर्चीची पाठ चाचपली, आईने मागे दुसरं स्टूल सरकवून दिलं, त्यावर बसले. अगदी माझ्या मागे.

"तलावाचं वळण आलं का?"

"नाही अजून."

"आपली सुमनबाई बसत होती तिथं आता मी बसलो." ते हसले. मग थोडं पुढे झुकून, कोणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाले, "घसरव माय आज. मांगं मीच त आहो."

मी वेग वाढवला. गाडी पळायला लागली. डाव्या बाजूला तो निळा तलाव, पुढे वळण, वळणावर भिंत. माझं एक बोट हँडब्रेकच्या लांब बटणावर होतं, दुसरं वेगाच्या बाणावर. बाबांसाठी म्हणून, त्या राहिलेल्या एका घसरण्यासाठी म्हणून मी ते बटण दाबणार होते. मी ठरवलं होतं. खुर्चीच्या पाठीवर बाबांचा हात आहे हे मला मानेपाशी जाणवत होतं.

वळण आलं आणि माझ्या तोंडून निघालं, "धरून बसा, बाबा."

बोट हँडब्रेकवरून उठलं आणि त्या गुळगुळीत बाणावर गेलं. गाडी मंद झाली, भिंतीपासून दूर राहिली, आणि तलावाच्या कडेने अशी हळू निघून गेली की झोपलेलं लेकरू उठलं नसतं.

"किती झाले?" बाबांनी विचारलं.

"शून्य," मी म्हणाले. मला पुढचा रस्ता नीट दिसत नव्हता.

वळण कधीच मागे पडलं होतं, पण बाबांनी खुर्ची धरून ठेवली होती.